शहरालाही माथा असतो

सोलापुरात तासभर जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी तोच वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, गटारे अरुंद आहेत, नाले बुजवले आहेत, मोठे पाइप टाका, नाले दोन्ही अंगांनी बांधून काढा. दुसरी बाजू म्हणते, सिमेंटनेच शहराचे वाटोळे केले, झाडे लावा, बागा करा. एकमेकांना निसर्गाचे वैरी आणि हौशी ठरवून होईपर्यंत पाणी ओसरते आणि त्याबरोबर विषयही मिटतो. या सगळ्यात एक साधा प्रश्न राहून जातो. चौकात गुडघाभर साचलेले पाणी आले कुठून? चौकात पडलेल्या पावसाने घोटाही बुडत नाही. ते पाणी वरच्या अंगाच्या गच्च्यांवर, फरशी घातलेल्या अंगणांत, पेव्हर ब्लॉकच्या पार्किंगमध्ये आणि डांबरी रस्त्यांवर पडलेले असते, आणि पडल्या क्षणापासून त्याला खाली पिटाळण्याची व्यवस्था आपणच करून ठेवलेली असते.

माझे म्हणणे असे की पाण्याला खालच्या नाल्यात गाठण्याआधी ते पडते तिथेच थोपवले पाहिजे. घराच्या कोपऱ्यात, फुटपाथच्या कडेला, ले-आउटमधल्या ओपन स्पेसवर उथळ, खोलगट वाफे करावेत आणि त्यांत याच मुलखातली गवते आणि झुडपे लावावीत. पावसाचा पहिला वीस-पंचवीस मिलिमीटरचा भार या वाफ्यांनी उचलायचा आणि उरलेले पाणी गटाराने न्यायचे. नाले हवेत, रुंद हवेत, मोकळे हवेत. पण शहराचे सगळे पाणी एकट्या नाल्याने वाहून न्यावे ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि बाग म्हणजे सुशोभीकरण ही समजूतही तितकीच चुकीची आहे.

यात नवे काही नाही. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात सांगायची गरज उरलेली नाही. आधी माथ्यावर समतल चर, मग उतारावर बांध, मग ओघळीत छोटे अडथळे आणि शेवटी ओढ्यावर बंधारा. माथा सोडून थेट ओढ्यात यंत्र घातले की ओढा गाळाने भरतो, हे खोलीकरणाच्या किती तरी कामांत आपण पाहिले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ भिंतीभिंतींवर रंगवणारे राज्य शहराची हद्द लागताच ‘पाणी हटवा, पाणी पळवा’ कसे म्हणू लागते? शहरालाही माथा असतो. गच्ची हा माथा आहे, अंगण हा उतार आहे, रस्त्याची कड ही ओघळ आहे. आपण मात्र पायथ्याचा नाला तेवढा धरून बसलो आहोत आणि दर काही वर्षांनी तो अपुरा पडला म्हणून आश्चर्य करतो.

सोलापूरच्या बाबतीत हे जास्त बोचते, कारण हे शहर तहानलेलेही आहे आणि तुंबलेलेही. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास धरली जाते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एवढ्या पावसाचे पंचावन्न हजार लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजारी टँकरचे साडेपाच टँकर. ते पन्हाळीच्या पाइपातून अंगणात, अंगणातून फाटकाखालून रस्त्यावर जाते. मग त्याच घरात काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट बघत बॅरल भरून ठेवलेले असतात. इतिहास पाहिला तर आपण पाण्यासाठी सतत लांब लांब जात राहिलो आहोत. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांचे हात लावून तळे खोदले, ते गावाच्या कुशीतच. १८७१ साली आदिला ओढ्यावर एकरुखचा, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव पूर्ण झाला, तो गावापासून काही मैलांवर. पुढे उजनी आले आणि पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पाइपाने येऊ लागले. दूरचे पाणी जितके आणले तितके दारातले पाणी नकोसे झाले. ज्या गावाचे ग्रामदैवत तळे खोदणारे आहे त्या गावाने निदान आपल्या छपरावरचा पाऊस तरी सांडपाण्यात मिसळू देऊ नये.

आता रस्त्याकडे बघा. बारा मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब अशा तुकड्यावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तर तीस हजार लिटर पाणी होते. त्या तुकड्याच्या कडेने एक मीटर रुंदीचा वाफा काढला, तो रस्त्यापेक्षा वीतभर खोल ठेवला, तर नुसत्या खोलगट भागात वीस हजार लिटर मावते. खाली दोन फूट पोकळ, निचऱ्याची माती असेल तर तिच्यात आणखी दहा-पंधरा हजार. हिशेब जुळतो. आणि प्रत्यक्षात आपण काय केले आहे? हिरवळ म्हणून जी जागा ठेवली ती दुभाजकात, दोन्ही बाजूंनी काँक्रीटची पाळ बांधून, आत माती रस्त्यापेक्षा फूटभर उंच भरून. रस्त्याचे थेंबभर पाणी त्या मातीला मिळू शकत नाही. उलट जोराचा पाऊस आला की त्या पेटीतली माती पाळीवरून घसरून रस्त्यावर येते आणि चेंबरच्या जाळीवर बसते. मे महिन्यात त्याच रोपांना टँकरने पाणी घालावे लागते. पावसाळ्यात शेजारून वाहून गेलेले पाणी उन्हाळ्यात विकत आणायचे! बहुतेक रस्त्यांचा ढाळ मधून कडेकडे असतो, तेव्हा पाणी थोपवायची जागा कडेलाच हवी. माती रस्त्याच्या खाली हवी आणि पाळीला दर काही फुटांवर पाणी आत शिरण्यापुरती खाच हवी. यासाठी काही मोठे तंत्र लागत नाही. गवंड्याने पाळीतला एक दगड कमी बसवला तरी खाच तयार होते.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा जमिनीचा आहे, आणि तो खरा आहे. पावसाच्या पाण्याचे असे बगीचे आजच्या रूपात अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस परगण्यात १९९०च्या सुमारास सुरू झाले. तिथला पाऊस बारमाही आहे, माती वेगळी आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पहिला पाऊस भेगांतून घटाघटा पिते, पण ओली होऊन फुगली की भेगा मिटतात आणि मग तासाला मोजके मिलिमीटरच पाणी आत जाते. त्यातून आपला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, म्हणजे नेमकी जमीन मिटलेली असताना. मग वाफ्यात पाणी साचून राहील, झाडे कुजतील, शेजारच्या घराच्या पायाला ओल लागेल, असे कोणी म्हटले तर त्याला वेड्यात काढता येत नाही.

पण या प्रश्नाशी आपण पूर्वीच झुंजलो आहोत, हे आपण विसरलो. १९३३ साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे काम सोलापुरात सुरू झाले. १९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि दुष्काळी पट्ट्यात समपातळीच्या बांधबंदिस्तीची कामे निघाली. हलक्या, मुरमाड रानात ते बांध चांगले चालले. खोल काळ्या रानात मात्र बांधालगत पाणी साचून पीक पिवळे पडले आणि उन्हाळी भेगांतून पाणी घुसून बांध फुटले. तेव्हा काळ्या रानात पाणी अडवणेच सोडून द्या, असे तज्ज्ञांनी सांगितले नाही. त्यांनी बांधाला किंचित उतार दिला, बाजूला सांडवा ठेवला, जादा पाणी गवताच्या चरातून सावकाश बाहेर काढले. ढाळीचे बांध ते हेच. पाणी थांबेल तेवढे थांबू द्यायचे आणि उरलेले न फोडता, न धुपवता जाऊ द्यायचे. शहरातल्या वाफ्याला हाच नियम लागू होतो.

आणि सोलापुरात खोल काळी माती सगळीकडे नाही, हेही ध्यानात घ्या. कोणत्याही नव्या बांधकामाच्या पायाच्या खड्ड्यात वाकून बघा. वर दोन-चार फूट काळी, मग चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला पट्टा आणि त्याखाली तांबूस-पिवळा मुरूम. पावसाचे पाणी काळ्या भागात बादलीत ठेवल्यासारखे उभे राहते आणि जिथे खणणे मुरमाला लागले आहे तिथे रात्रीतून गायब होते. वाफा मुरमापर्यंत खणायचा, खालच्या थरात खडी, वर वाळू, मुरूम आणि शेणखत मिसळलेली माती भरायची, आणि वीतभर पाणी साचले की पुढचे गटारात जाईल अशा उंचीवर सांडवा ठेवायचा. जिथे मुरूम फार खोल आहे तिथे तळाशी भोकांचा पाइप टाकून तो गटाराला जोडायचा. पाणी तिथे पूर्ण मुरणार नाही, पण तासाभरात येणारा लोंढा दिवसभर पाझरत येईल. चौक तुंबतो तो पाण्याच्या एकूण बेरजेमुळे कमी आणि सगळे पाणी एकाच वेळी आल्यामुळे जास्त.

दुसरा मुद्दा महापावसाचा. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस असो की २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेला महापूर, अशा वेळी या वाफ्यांनी काय होणार? काहीही होणार नाही, आणि त्यांच्या पुरस्कर्त्यांनी हे स्वच्छ सांगितले पाहिजे. चीनने पाऊस जागीच शोषून घेणाऱ्या ‘स्पंज शहरां’चा मोठा गाजावाजा केला. त्यांतल्या झेंगझोऊ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला, भुयारी रेल्वेत पाणी शिरून माणसे बुडाली आणि जगभर प्रश्न आला, कुठे गेला तुमचा स्पंज? पण एका तासात आठ इंच पाऊस वाहून नेईल असे गटार जगात कोणी बांधले आहे का? त्या पावसापुढे गटारही हरते. तिथे माणसे वाचतात ती इशाऱ्याने, पूररेषेत घरे बांधू न दिल्याने, नाल्याची जागा नाल्याला ठेवल्याने. वाफ्यांची परीक्षा घ्यायची तर नेहमीच्या, वर्षातून अनेकदा येणाऱ्या पावसावर घ्या. शाळेतली पोरे दप्तर डोक्यावर घेऊन जातात, रिक्षा बंद पडतात, पूर्व भागातल्या सखल घरांत मागाच्या खड्ड्यापर्यंत पाणी येते, हे सगळे महापुराने होत नाही. चाळीस-पन्नास मिलिमीटरच्या सरीने होते. त्यातला निम्मा भार माथ्यावर थोपवला तर खालच्या गटाराला उरलेला निम्मा पेलणे जमेल.

डासांचे भय लोकांना वाटते, पण त्याचे उत्तर सोपे आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा लागतो आणि नीट केलेल्या वाफ्यातले पाणी एक-दोन दिवसांत जाते. न गेले तर वाफा चुकला आहे, तो दुरुस्त करायचा. आठवडाभर स्वच्छ पाणी धरून ठेवतात ते आपले झाकण नसलेले बॅरल आणि हौद.

याहून गंभीर आक्षेप घाण पाण्याचा आहे आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. जिथे ड्रेनेजचे चेंबर पावसात उसळते तिथले पाणी जमिनीत मुरवणे हा गुन्हा ठरेल, कारण खाली लोकांचे बोअर आहेत. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, जिथे रंगाचे पाणी येऊ शकते, तिथे हे काम करूच नये. म्हणून सुरुवात गच्ची आणि अंगणापासून व्हावी, मग वस्तीतले अंतर्गत रस्ते, आणि मोठे वाहते रस्ते सर्वांत शेवटी. सगळीकडे एकच नमुना टाकून मोकळे व्हायची सवय इथे महागात पडेल.

मग ‘देशीच’ झाडे का? या आग्रहाची काही जण सोवळेपणा म्हणून थट्टा करतात. परके झाड दिसले की उपटा, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. गुलमोहर परका आहे आणि त्याने सोलापूरच्या कितीतरी रस्त्यांना मे महिन्यात सावली दिली आहे. इथे निकष कामाचा आहे. या वाफ्यातल्या झाडाने वर्षातून काही वेळा दोन-दोन दिवस पाण्यात उभे राहायचे आणि त्यानंतर सात-आठ महिने एक थेंब न मागता, चाळीसच्या वर गेलेल्या पाऱ्यात जगायचे. असे दुहेरी आयुष्य कोणाला झेपते? ओढ्याकाठच्या निर्गुडीला झेपते. वाळ्याला झेपते, त्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि जाताना घट्ट मातीत पाण्याला वाट करून देतात. बांधावरच्या मारवेल गवताला झेपते. कडेच्या कोरड्या भागात तरवड उभा राहतो, भर दुष्काळातही पिवळा फुललेला, आणि शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही. याच्या जागी लॉन टाकली तर तिची मुळे बोटभर, आणि ती रोज पाणी मागणार. पटकन हिरवे दिसते म्हणून गावोगाव लावलेल्या कोनोकार्पस या परक्या झाडाची मुळे पाइपांत शिरतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी घातली, हे आपल्या उद्यान विभागांनी वाचले असेलच.

इथे मला वृक्षप्रेमी मित्रांशीही भांडायचे आहे. ‘झाडे लावा’ ही त्यांची एकमेव घोषणा सोलापूरच्या निसर्गाला धरून नाही. हा मुलूख अरण्याचा नाही, माळाचा आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झाले ते गवताळ माळासाठी, आणि तरीही त्या भागातल्या माळांवर ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे लावली गेली, कारण गवत म्हणजे रिकामी जागा असेच आपल्या डोक्यात बसलेले. पवन्या, मारवेल, कुसळी यांच्या मुळांचे जाळे सोलापूरची जमीन बांधून ठेवत आले आहे. रोपट्याभोवती खोडापर्यंत सिमेंट ओतून फोटो काढण्याने एक थेंब मुरत नाही. वाफ्यात गवत जास्त, झुडपे थोडी, झाड एखादेच, असे प्रमाण असले पाहिजे. ते मार्च ते मे वाळलेले दिसेल. लोक तक्रार करतील की बाग मेली. ते मेलेले नसते, पहिल्या वळवानंतर आठवड्यात फुटते, पण हे आधीच पाटी लावून सांगावे लागेल. उन्हाळ्यात हिरवे दिसण्याचा हट्ट धरला की टँकर आला, आणि टँकर आला की सगळे गणित कोलमडले.

राहिला देखभालीचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळी योजना बुडाली तर इथेच बुडेल. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले तेव्हा आपण किती हरखलो होतो! त्यानंतर काँक्रीट आले, फुटपाथ आले, रोपेही आली. पण आपल्याकडे लागवडीचे बिल निघते, जगवण्याचे निघत नाही. या वाफ्यांत पावसाबरोबर माती, गुटख्याच्या पुड्या, कॅरीबॅग येणारच. पाणी शिरायच्या खाचेशी गाळ बसणारच. जूनच्या आधी एकदा आणि पावसाळा सरताना एकदा तो काढला नाही तर दोन वर्षांत वाफ्याचा उकिरडा होतो आणि गाजरगवत नि वेडी बाभूळ त्यावर ताबा घेतात. म्हणून लागवड आणि तीन वर्षांची देखभाल एकाच निविदेत असावी, आणि पैशाचा मोठा हिस्सा तिसऱ्या वर्षी, वाफा दोन दिवसांत रिकामा होतो हे तपासून द्यावा. हे काम वस्तीतल्या महिला बचत गटांना देता येईल. ओपन स्पेसवरच्या मोठ्या वाफ्यांतले मारवेल कापून गोठ्यांना विकता येईल. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाणही दिले आहेत, त्यामुळे ठोंबांसाठी लांब जायला नको. रस्त्याच्या कडेचे गवत मात्र जनावरांना घालू नये, त्यात तेल आणि धूळ असते.

खर्च परवडेल का, असे विचारणाऱ्यांनी तुलना कशाशी करतो हे ठरवावे. वाफ्याचा खर्च शून्याशी तोलला तर तो नेहमी जास्तच दिसेल. तो तोलायचा वस्तीखालून रुंद पाइप घालण्यासाठी रस्ता फोडणे, तो पुन्हा करणे आणि दर उन्हाळ्यात गाळ काढणे यांच्या खर्चाशी. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने २०११ मध्ये पंचवीस वर्षांचा आराखडा केला तो हाच हिशेब मांडून. सगळे पाणी प्रचंड भुयारांत साठवण्यापेक्षा रस्तोरस्ती मातीत आणि झाडांत थोपवणे त्यांना किफायतीचे वाटले. आपल्याला त्यांची झाडे नकोत, पण हिशेबाची पद्धत घ्यायला हरकत नाही.

महापालिकेने जुळे सोलापुरातली, वरच्या अंगाची, एखादी वसाहत निवडावी. तिथे ले-आउटच्या मोकळ्या जागा कागदावर आहेत आणि जमिनीवर वेड्या बाभळीखाली आहेत. मोठ्या भूखंडांना पाऊसपाणी पुनर्भरणाची अट बांधकाम परवान्यात आधीच घातलेली असते. ती खरोखर पाळली आहे का हे त्या वसाहतीत दारोदार जाऊन पाहावे, आणि पन्हाळीचा पाइप फाटकाऐवजी वाफ्यात सोडणाऱ्याला मालमत्ता करात सूट द्यावी. खणण्याचे काम उन्हाळ्यात उरकावे, रोपे जूनच्या पावसावर लावावीत, आणि शेजारची तशीच एक वसाहत आहे तशी ठेवावी. दोन पावसाळे दोन्हीकडे पर्जन्यमापक लावून, खालच्या चौकात पाणी किती चढले आणि किती वेळाने उतरले याची नोंद प्रत्येक मोठ्या पावसाला घ्यावी आणि झोन कार्यालयाच्या फलकावर लावावी. दोन वर्षांनी आकडे वाफ्यांच्या विरोधात गेले, तर मोठ्या पाइपांची मागणी करणाऱ्या निवेदनावर मीही सही करीन.